बोटीच्या अंगात आलेली देवी

मंगळवारी पिंपळदऱ्याच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसे. आसपासच्या गावांतली माणसं नारळ, हळदकुंकू आणि हिरवे खण घेऊन सकाळपासून येऊन बसत. त्यातल्या निम्म्यांना कुठे जायचंच नसे. बोटीत बसायचं, पाण्याच्या मधोमध देवी बोट कशी अडवते ते बघायचं, बन्सी महाराज देवीला कसं शांत करतात तेही बघायचं, आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. जत्रेत मौत का कुआँ बघायला जावं तसे लोक देवीचा कोप बघायला तिकीट काढून येत. एखाद्या दिवशी कोप झालाच नाही आणि बोट सरळ पलीकडे पोचली, तर कित्येकांची तोंडं उतरायची.

मी त्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर होतो. गुरांचा डॉक्टर म्हटलं की लोक आपल्याला अर्धाच डॉक्टर समजतात. समजोत बापडे. पण या नोकरीचा एक फायदा आहे. आजवर एकाही म्हशीच्या अंगात आलेलं मी पाहिलेलं नाही. जनावर आडवं पडलं की त्याला काहीतरी झालेलं असतं आणि ते काय ते शोधावं लागतं, एवढीच माझी विद्या.

पैठणच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा जुनं पिंपळदरं बुडालं. गाव उठून टेकाडावर आलं आणि तिन्ही बाजूंनी पाण्यात सापडलं. औरंगाबादची डांबरी सडक समोरच्या काठावर डोळ्यांना दिसायची, पण बैलगाडीनं वळसा घालून तिथे पोचायला अख्खा दिवस मोडायचा. गावदेवीची मूर्ती लोकांनी उचलून नव्या देवळात आणली होती. तरी मूर्ती तेवढी वर आली, देवी खालीच राहिली, असं बायका म्हणत. तिला त्यांनी नाव ठेवलं बुडीआई. वल्ह्याच्या होड्या होत्या तेव्हापासून रिवाज पडला होता की जुन्या देवळाच्या जागेवर आलं की वल्ही थांबवायची, पाण्यात एक खण सोडायचा आणि हात जोडायचे. या रिवाजावर माझा राग नव्हता, आजही नाही. जिचं अंगण, चूल आणि न्हाणी पाण्याखाली गेली तिनं तिथे घडीभर थांबून एक खण सोडला तर कुणाचं काय बिघडतं? निदान होडी वल्ह्याची होती तोवर काही बिघडत नव्हतं.

मग तात्यासाहेबांनी मोटारबोट आणली. तात्यासाहेब म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन. बोट लाकडी, कुठल्याशा बंदरावर म्हातारी होऊन मोडीत निघालेली, आणि तिच्या पोटात जुनं डिझेल इंजिन. ते चालवायला त्यांनी शौकतला बोलावलं. शौकत औरंगाबादला उस्मानपुऱ्यातल्या एका गॅरेजात ट्रक आणि टेम्पो दुरुस्त करत वाढलेला. हात चांगला, स्वभाव गरीब, आणि पाण्यावर नोकरी करूनही पोहता येत नव्हतं.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. पुढे पुढे बोट बुडीआईच्या जागेवरून पुढे सरकली की इंजिन तापायला लागलं. जळका वास यायचा, धूर निघायचा आणि शौकत घाबरून इंजिन बंद करायचा. बोट तरंगत राहायची. काठावर आणून तपासलं की इंजिन अगदी ठणठणीत. त्यानं पट्टा बदलला, पंपाचं रबरी चाक बदललं, तेल बदललं, इंजिनाचं पोट कितीदा तरी उघडून पुसून पुन्हा बंद केलं. ट्रक तापला की खोड ट्रकच्या आत असते, हे त्याला उस्मानपुऱ्यात शिकवलेलं. म्हणून तो आतच शोधत राहिला. दुसरीकडे कुठेच बोट तापत नव्हती. तापायची ती बुडीआईपाशीच. लोकांना याहून मोठा पुरावा तो कोणता हवा?

बन्सी तेव्हा बोटीवर दोर टाकायला आणि ओढायला होता. त्याची जागा बोटीच्या पार मागच्या टोकाला. एकदा बोट अशीच अडली असताना तो तिथेच घुमायला लागला, आणि त्याचं घुमणं थांबल्यावर शौकतनं कळ दाबली तर इंजिन सुरू झालं. झालं, बन्सीचे बन्सी महाराज झाले. दोर ओढायला दुसरा माणूस ठेवावा लागला. महाराजांनी बसायची जागा मात्र बदलली नाही. देवीकडे पाठ करायची नसते म्हणून आपण मागच्या टोकाला बसतो, असं ते सांगत.

त्यांचं सगळं ठरलेलं असे. बोट अडायच्या थोडं आधीच त्यांची मान हलायला लागायची. 'आली, आई आली,' असं ते म्हणायचे आणि खरंच मागोमाग इंजिनातून धूर यायचा. लोकांच्या अंगावर काटा. मग महाराज इंजिनाच्या पेटीपाशी येत, ओंजळीत तलावाचं पाणी घेत आणि तापल्या लोखंडावर शिंपडत. लोखंड फुस्स करायचं.

"ऐकलं का? आई बोलली," महाराज म्हणायचे. "आई म्हणती, माझी लेकरं मला पाण्यात टाकून गेली. आता माझ्या डोक्यावरून लोखंडाचं जनावर नेता, धूर सोडता, मला इचारता तरी का?"

पुन्हा घुमणं, पुन्हा ओंजळ. फुस्स झालं की आईचा राग अजून आहे. शेवटी एकदा पाणी टाकलं तरी आवाज यायचा नाही. "आई निवली. कर रे चालू," असा हुकूम सुटायचा आणि इंजिन सुरू व्हायचं. बायका महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायच्या. त्या रोज दोन वेळा तव्यावर पाणी शिंपडून तवा तापला की नाही ते बघत होत्या, आणि त्यातल्या एकीलाही तवा आठवत नव्हता. बुडीआईचा राग उन्हाळ्यात लांबायचा आणि थंडीत लवकर निवायचा. कुठलंही तापलेलं लोखंड असंच वागतं, पण सांगायचं कुणाला?

शौकतला मी एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं. तो म्हणाला, "डॉक्टरसाब, मेरेकू कुछ समज में नई आता. आन समजलं तरी मी बोलू का? म्हणतील, ह्याला आमच्या देवीचं काय ठावं."

नवरात्राच्या आधीचा मंगळवार होता. धरण काठोकाठ भरलेलं. लस आणायला मला औरंगाबादला जायचं होतं आणि पलीकडच्या काठावर आमच्या खात्याची जीप येऊन उभी होती. बोट भरली, आणि तेवढ्यात पुंजाराम नावाचा गावातला शेतकरी आणि त्याचे भाऊबंद बाज उचलून धावत आले. बाजेवर पुंजारामाची बायको सरूबाई होती. दिवस भरत आलेले, आणि सकाळपासून अंगावरून रक्त जात होतं. सुईणीनं हात लावून बघितलं आणि शहाणपणानं सांगितलं की हे माझ्या हातचं नाही, औरंगाबादला घाटीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि लवकर न्या. सोबत सरूबाईची सासू द्वारकाबाई होती. तिच्या पदराखाली हिरवा खण होता. बाळंतपण सुखरूप पार पडावं म्हणून तो तिनं खास औरंगाबादच्या गुलमंडीवरून आणून ठेवला होता.

बाज ठेवायला जागा मागेच होती, महाराजांच्या पायांशी. मी तिच्या उशाशी बसलो आणि जीप आपलीच आहे, बाईला थेट घाटीला पोचवतो, असं पुंजारामाला सांगितलं. शौकतलाही सांगितलं की आज बुडीआईपाशी वेग कमी करू नकोस. त्यानं मान हलवली. महाराजांनी ते ऐकलं.

"अडलेली बाई घेऊन आईच्या डोक्यावरून न थांबता जायचं?" ते म्हणाले. "जा. मग पोचंल का ही पलीकडं?"

द्वारकाबाईनं माझे पाय धरले. घडीभरच थांबा, खण सोडू द्या, माझ्या सुनेच्या जिवाचा प्रश्न आहे, असं ती म्हणत होती. पुंजाराम तिच्या बाजूचा, सगळी बोट तिच्या बाजूची. शौकतनं माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं आणि वेग कमी केला. द्वारकाबाईनं डोळे मिटून खण पाण्यात सोडला. बोट थांबलीच आहे म्हटल्यावर बाकीच्या बायकांनीही आपापले खण सोडले. बोट पुन्हा निघाली.

मी सरूबाईची नाडी बघत होतो. नजर वर गेली तेव्हा महाराज बोटीच्या कडेवरून खाली वाकून पाहत होते. तिथे काय आहे म्हणून मीही पाहिलं. बोटीच्या मागे एक नळी बाहेर आलेली होती. तिच्यातून एरवी पाण्याची धार पडत असते, ती मी जाता-येता शंभरदा पाहिलेली. आता ती धार बारीक होत होत थेंबावर आली आणि बंद पडली. महाराजांनी नजर उचलली आणि त्यांची मान हलायला लागली. इंजिनाला अजून काही झालेलं नव्हतं. धूर नव्हता, वास नव्हता. ते दोन्ही नंतर आले.

शौकतनं इंजिन बंद केलं. महाराजांची ओंजळ, फुस्स, आईचं बोलणं, सगळं यथासांग सुरू झालं. बाजेवरच्या गोधडीतून रक्त खाली उतरत होतं आणि अख्खी बोट हात जोडून बसली होती. आई निवल्यावर इंजिन सुरू केलं, बोट थोडी पुढे गेली आणि पुन्हा धूर. पुन्हा घुमणं, पुन्हा तेच. असं याआधी कधी झालं नव्हतं. महाराजांच्या कपाळावर घाम आला. ठरलेला खेळ फसत होता, आणि खेळ फसला की खापर फोडायला डोकं लागतं. त्यांनी ते पायाशीच शोधलं.

"बोटीत इटाळ हाय," ते म्हणाले. "रगताचा इटाळ आईच्या डोक्यावर आणला. हिला माघारी न्या."

कुजबुज झाली आणि दोघातिघांनी माना डोलावल्या. बंद पडलेल्या इंजिनानं माघारी तरी कसं न्यायचं, हे कुणी विचारलं नाही. सरूबाई शुद्धीवर होती. तिनं ते ऐकलं आणि तोंड बाजूला फिरवलं. माझं डोकं भडकलं. मी महाराजांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी शौकतला विचारलं, मागच्या नळीतून पाणी पडतं ते कशाचं?

"इंजिनचंच पानी साब," तो म्हणाला. "खाली एक भोक हाय, तिथून तलावाचं पानी वढतं, इंजिनभोवती फिरून मागून बाहेर. ट्रकसारखा रेडिएटर नसतो इसमें."

"मग मघाशी इंजिन चालू असतानाच ते का थांबलं?"

शौकत इंजिन सोडून मागे आला आणि वाकून बघत राहिला. बोट चालू असताना तो कायम पुढे, इंजिनावर डोळे लावून बसलेला असायचा. काठावर तपासायचा तेव्हा धार नीट पडत असायची. चालत्या बोटीची बंद पडलेली धार त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

म्हैस पाणी घेईनाशी झाली की आम्ही आधी तिच्या घशात हात घालतो. मी सदरा काढला, कमरेला दोर बांधला आणि पाण्यात उतरलो. अडलेलं वासरू ओढायला खांद्यापर्यंत हात घालायची सवय होती, त्यामुळे अंधारात चाचपायचं काही वाटलं नाही. बोटीच्या तळाला भोक सापडलं. त्यावर कधीकाळी जाळी असावी, तिच्या गंजक्या कडा तेवढ्या उरल्या होत्या. भोकातून मूठभर कापड लोंबत होतं आणि बाकीचं आत ओढलं गेलं होतं. मी पाय बोटीला लावून ते खेचलं. एक ओला हिरवा खण आला, त्याच्यामागून कुजलेल्या चिंध्या आणि नारळाच्या शेंड्या आल्या. सगळा गोळा मी वर फळ्यांवर फेकला.

द्वारकाबाईनं खण ओळखला. तिनं तो उचलला नाही की त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

इंजिन जरा निवू देऊन शौकतनं ते सुरू केलं. नळीतून आधी वाफ आली, मग कढत पाणी, मग नेहमीची धार. बोट पलीकडे पोचली आणि जीप सुसाट निघाली. घाटीच्या डॉक्टरांनी सरूबाईला वाचवलं. मूल पोटातच गेलं होतं. मुलगी होती. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पिंपळदऱ्यात तोवर वेगळीच कथा तयार झाली होती. आईनं बाळ घेतलं आणि बाई सोडली, असं महाराजांनी सांगितलं. पुढच्या मंगळवारी धक्क्यावर दुप्पट गर्दी. मी तात्यासाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, एक मंगळवार बोट धक्क्यालाच बांधून ठेवा, मला लोकांना काही दाखवायचं आहे. लोकांच्या श्रद्धेत कशाला हात घालता, असं ते म्हणाले. मी सांगितलं की मी हात बोटीखालच्या भोकात घातला होता, आणि तिथे काय सापडलं तेच सगळ्यांना दाखवणार आहे. बोट भरभरून जात होती, तेव्हा तात्यासाहेबांना घाई नव्हती. पण मूल गेलेलं घर त्यांच्याच भावकीतलं होतं. अखेर ते कबूल झाले.

सरूबाई घाटीतून परत आली त्यानंतरचा मंगळवार ठरला. बोट धक्क्याला बांधलेली, इंजिन चालू, मागून धार पडत होती. शौकतनं बांबूच्या टोकाला एक खण अडकवून बोटीखाली धरला. खण ओढला गेला तसा बांबू हातात रिकामा आला. धार बंद. मी लोकांना थांबायला सांगितलं. थोड्या वेळानं जळका वास यायला लागला. पुढे बसलेल्या बाईला मी विचारलं की तवा तापलाय हे कसं बघता? पाणी शिंपडून, ती म्हणाली. मग मी तिलाच बोटीत आणून इंजिनावर ओंजळ टाकायला लावली. फुस्स झालं.

शौकतनं इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं तोच खण बोटीखालून आपोआप सुटून बाजूला तरंगत आला. इंजिन थांबलं की पंपाची ओढ थांबते आणि कापड गळून पडतं, म्हणून काठावर बोट नेहमी निरोगी सापडायची, हे मी समजावलं. सरूबाईला नेलं त्या दिवशी खण आत खोल गेला होता, म्हणून तो गळला नाही आणि महाराजांचा मंत्रही लागू पडला नाही.

महाराज गर्दीतच होते. "हे यंत्राचं झालं," ते मोठ्यानं म्हणाले. "पण यंत्र आईच्याच जागेवर का बिघडतं, ते सांगा ना."

"कारण खण तिथेच सोडतात," मी म्हणालो. "तिथेच बोट हळू होते आणि सोडलेलं सगळं तळाखाली जातं. दुसरीकडे सोडा, दुसरीकडे बिघडेल."

तेव्हा सरूबाई उठली. पुंजाराम तिला धरायला गेला, तिनं त्याचा हात बाजूला केला.

"महाराज, मी तुमच्या पायापाशी पडले व्हते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडं बघत नव्हते. मागं पाण्याकडं बघत व्हते. धार बंद झालेली दिसली व्हती का?"

बन्सीनं इकडेतिकडे पाहिलं. तात्यासाहेब त्याच्याकडे बघत होते, द्वारकाबाई बघत होती.

"दिसली व्हती," तो म्हणाला.

"दर येळी दिसायची?"

"व्हय."

"मग शौकतभाईला सांगितलं का नाय?"

तो म्हणाला, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलला, "सांगितलं असतं तर मला कुणी इचारलं असतं?"

सरूबाई खाली बसली. तिला रडायला आलं नाही.

यानंतर गाव शहाणं झालं असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. बन्सीला कुणी काही केलं नाही. महिन्याभरात तो दुसऱ्या गावात कावीळ उतरवायला बसल्याचं कानावर आलं. तात्यासाहेबांनी भोकावर नवी जाळी बसवली आणि त्या जाळीला नारळ फोडला. आता बोट अडत नाही. देवीनंच डॉक्टरला बुद्धी दिली, असं लोक म्हणतात, आणि एका बाईनं तर मलाच ओवाळायला ताट आणलं होतं. मी तिच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं, पण सहन होईना.

मला विचारतात की तुम्ही देव मानता का. तो प्रश्न माझा नाही. मी एवढंच सांगतो, आणि घसा बसेपर्यंत सांगत राहीन. यंत्र असो की जनावर की माणूस, अडलं की आधी बघा. आत जायला हवं ते जातंय का, बाहेर यायला हवं ते येतंय का. कुणी म्हणालं बघू नका, देव कोपेल, तर त्या माणसाकडे नीट बघा, कारण त्याला काहीतरी दिसलेलं असतं आणि ते त्याला सांगायचं नसतं. त्या मंगळवारी बोटीत खच्चून माणसं होती आणि सगळ्यांचे हात जोडलेले होते. त्यातला एक हात वेळेवर पाण्यात गेला असता तर पुंजारामाच्या घरी त्या नवरात्रात पाळणा बांधला असता.